उम्सामोच्या जागी दुसरं दार

एशोवे, क्वाझुलू-नाताळ
जुलैअखेर

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र आणि अंगणवाडीच्या परसातले फोटो मिळाले. ती घसरगुंडी पाहून पोटात गोळा आला गं. पत्रा कडेला फाटलेला, खालचा एक पाय गंजून सुटलेला, आणि तरी वर दोन पोरं बसलेलीच! तू विचारलंयस की वर्गणी काढून तसलीच नवी घ्यावी, की मी इथे गवताकाठ्यांचं जे काही बांधतेय त्यातलं तुमच्या जव्हारकडे काही जमेल. उत्तराला तीन आठवडे लागले, कारण आमचंच काम अर्धवट होतं. परवा ते संपलं. आता सविस्तर लिहिते. चहा घेऊनच बस.

वर्गणी मात्र अजून काढू नकोस.

इथल्या वस्तीतल्या बालवाडीला (इथे क्रेश म्हणतात) कुणा देणगीदाराने लोखंडी झोका आणि प्लास्टिकचं चढायचं खेळणं दिलं होतं. दोन वर्षांत त्याचा एक बोल्ट गेला. तसा बोल्ट इथल्या बाजारात मिळेना, डर्बनला मिळेना. एका बोल्टापायी अख्खं खेळणं दोरीने बांधून बंद ठेवलेलं मी आल्या दिवशी पाहिलं. त्याच अंगणाच्या कडेला बसून एक म्हातारी लव्हाळ्याची चटई विणत होती. वीण चुकली की उसवत होती, पुन्हा विणत होती. मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे बघ. गावात ज्याची दुरुस्ती करता येते तेच गावात टिकतं. बाकीचं सगळं पत्र या एका वाक्याचा पसारा आहे असं समज.

झुलू लोकांच्या जुन्या घराला इकुग्वाने म्हणतात. त्यातला ‘कु’ नुसता म्हणायचा नाही, जीभ टाळ्याला चिकटवून सोडायची, बाटलीचं बूच निघाल्यासारखा आवाज येतो. दिसायला हे घर म्हणजे उपडी घातलेली मोठी टोपली. भिंत निराळी, छप्पर निराळं असा प्रकारच नाही. जमिनीपासून माथ्यापर्यंत एकच गवत. आपण शाळेच्या पुस्तकात जी आफ्रिकेतली झोपडी पाहिली, गोल मातीची भिंत आणि वर शंकूसारखं छप्पर, ती इथे पुढे रुळली. आता तिच्याही डोक्यावर पत्रा आलाय. इकुग्वाने तर पर्यटकांना दाखवण्यापुरतीच उरल्यासारखी आहे. इथून जवळच शाकालँड म्हणून जागा आहे. १९८६ सालच्या ‘शाका झुलू’ या टीव्ही मालिकेसाठी तिथे सेट उभारला होता, पुढे त्याचंच हॉटेल झालं. तसला देखावा मला मुलांच्या अंगणात नको होता. मला बांधण्याची रीत हवी होती. आणि ती ठाऊक असलेल्या पाच जणी या वस्तीत निघाल्या. सगळ्यांत धाकटीने साठी ओलांडलेली आहे. सगळ्यांना मी गोगो म्हणते, म्हणजे आजी.

आता रीत सांगते, नीट वाच, तुला उपयोगी पडेल. मधोमध खुंटी ठोकायची, तिला दोरी बांधून जमिनीवर वर्तुळ काढायचं. वर्तुळावर हात-दीड हात अंतराने खड्डे घ्यायचे. मनगटाएवढ्या जाडीच्या ओल्या काठ्या त्यांत रोवायच्या आणि समोरासमोरच्या काठ्या वाकवून त्यांचे शेंडे एकमेकांना बांधायचे. झाली कमान. कडेच्या कमानी ठेंगण्या, मधल्या उंच. एका दिशेच्या सगळ्या कमानी झाल्या की त्यांना काटकोनात दुसऱ्या दिशेच्या कमानी घालायच्या आणि जिथे जिथे काठीवर काठी येते तिथे तिथे गाठ मारायची. खिळा एकही नाही. आपले बुरूड टोपली विणतात ना, तेच काम माणसाच्या मापाचं. सांगाडा उभा राहतो तो काठ्यांच्याच जोरावर. वाकवलेल्या प्रत्येक काठीला सरळ व्हायचं असतं, आणि तिच्यावरून गेलेली आडवी काठी तिला होऊ देत नाही. सगळ्यांची ओढ सगळ्यांनी धरून ठेवलेली असते. एखादी मोडली तर तेवढा भार शेजारच्या उचलतात, तोवर तुम्ही नवी काठी घालायची.

मुलांच्या जागेसाठी याहून चांगली सुरुवात कुठून मिळणार? गवत घालायच्या आधी नुसता सांगाडा उभा होता, तेव्हाच पोरं त्यात घुसली. आमची मूळ कल्पना एका मोठ्या इकुग्वानेची होती. पोरांचा तो धुडगूस पाहिला आणि बेत बदलला. मोठी एकच ठेवली, चार मीटर व्यासाची. तिच्या शेजारी दोन छोट्या आणि त्यांना जोडणारा कमानींचा लांब बोगदा. दोन्ही छोट्यांवर गवत घातलंच नाही. त्या चढायच्या, लोंबकळायच्या. मोठीवरही गवत कमरेच्या वरूनच घातलं, खालची जाळी उघडी ठेवली, म्हणजे आत कोण रडतंय, कोण कुणाला चावतंय ते क्रेशच्या ताईंना बाहेरून दिसतं. चढायच्या सांगाड्यांवर आधी आम्ही मोठी माणसं लोंबकळलो, एका वेळी तिघंतिघं, आणि मगच मुलांना सोडलं. खाली वीतभर जाड लाकडाचा भुसा आणि सालींचा चुरा पसरलाय.

काठ्या कुठून आणल्या, ते तुला आवडेल. इथल्या ओढ्याकाठी ब्लॅक वॉटल नावाचं झाड माजलंय. ऑस्ट्रेलियाचं झाड. १८६४ च्या सुमारास नाताळमध्ये त्याचं बी आलं, मग सालीतल्या टॅनिनसाठी, कातडी कमवायला, त्याची रानंच्या रानं लावली आणि ते हाताबाहेर गेलं. ओढ्याचं पाणी पितं, खाली दुसरं काही उगवू देत नाही. १९९५ मध्ये कादर अस्मल पाणीखात्याचे मंत्री असताना सरकारने अशी परकी झाडं तोडायला ‘वर्किंग फॉर वॉटर’ ही मोहीम काढली. अस्मल इथल्याच किनाऱ्यावरच्या स्टँगरचे, भारतीय वंशाचे. तेव्हा वॉटल तोडायला कुणाचीही ना नसते, उलट दुवाच मिळते. जुन्या पद्धतीत रानातली देशी रोपटी लागायची. ती आता थोडी राहिलीत, त्यांना हात लावायचा नाही हे आम्ही पहिल्याच बैठकीत ठरवलं. वॉटल ओली असताना छान वाकते, पण साल काढूनच वापरायची. साल ठेवली की आत किडा लागतो. आणि कापल्यावर दोन दिवसांच्या आत वाकवायची, वाळली की कडकन मोडते.

इथे माझ्या हातून एक चूक झाली. गवताची दोरी वळायला फार वेळ जातो म्हणून मी बाजारातून निळी प्लास्टिकची दोरी आणली. बायकांनी तीच वापरली, कुणी काही बोललं नाही. तीन आठवड्यांत काठ्या वाळल्या, वाळल्या तशा बारीक झाल्या, आणि गाठी सैल पडल्या. प्लास्टिक काही आवळत नाही. एक कमान सरकली. नशीब की तेव्हा आत कुणी नव्हतं. सगळ्या गाठी सोडून पुन्हा बांधाव्या लागल्या, या वेळी पाण्यात भिजवलेल्या सालीच्या पट्ट्यांनी. त्या ओल्या असताना बांधायच्या, वाळता वाळता त्या आपण होऊन आवळतात. ‘आधी का सांगितलं नाहीत?’ असं मी विचारलं, तर सर्वांत थोरल्या गोगो म्हणाल्या, ‘तू विचारलं नाहीस, दोरी आणलीस.’ हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. तू पाड्यावर काही घेऊन जायच्या आधी विचार. मी ते केलं नाही.

आता जमिनीबद्दल. अगं, इथे आल्यावर मला सगळ्यांत आधी घरचं वाटलं ते या जमिनीमुळे. इथेही शेणाने सारवतात! त्याला क्रियापदच आहे, उकुसिंदा. आणि आपल्याकडे कसं शेण वेगळं आणि गोवरी वेगळी, तसंच इथे ओलं ते उबुलोंग्वे आणि वाळलेल्या त्या अमालोंग्वे. मी सांगितलं की माझी आजी दर सणाला सारवायची, तेव्हा त्या पाचही जणींनी माझ्याकडे पहिल्यांदा जरा निराळ्या नजरेने पाहिलं. मग ‘दाखव’ म्हणाल्या. मी हाताने अर्धगोल ओढत मागे सरकत गेले, आपल्या पद्धतीने. त्यांची पद्धतही तीच, फक्त त्या शेवटी गुळगुळीत दगडाने घोटतात, इतकं की जमीन काळीशार चमकते.

सारवणाखालचा थर वारुळाच्या मातीचा. वाळवीने थुंकीने बांधलेली ती माती कुटून, पाणी शिंपडून चोपली की सिमेंटसारखी बसते. या देशात टेनिसची मैदानंसुद्धा वारुळाच्या मातीची केलेली आहेत. आणि या जमिनीचा टिकाऊपणा किती, तर ऐक. इथून उत्तरेला डोंगरापलीकडे उम्गुंगुंडलोवू आहे, राजा डिंगानेची राजधानी. डिसेंबर १८३८ मध्ये बोअर चाल करून येत होते, तेव्हा त्याने स्वतःच ती पेटवून दिली. पुढे सेत्श्वायो राजाची उलुंडीजवळची राजधानी ओंडिनी ४ जुलै १८७९ ला इंग्रजांनी जाळली. गवत, काठ्या, सगळं गेलं. पण त्या आगीत मातीच्या जमिनी विटेसारख्या भाजून निघाल्या, आणि शंभराहून अधिक वर्षांनी पुरातत्त्वाच्या लोकांना घरांची वर्तुळं सापडली ती या जमिनींमुळे. कुठे चूल होती तेसुद्धा दिसतं. त्या वर्तुळांपाशी मी उभी राहिले होते. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

आमच्याकडे ही जमीन फक्त मोठ्या इकुग्वानेच्या आत आहे, छपराखाली. उघड्यावर पहिल्या पावसातच ती निसरडी होऊन वाहून जाईल. भोवताली चर खणलाय, आणि जागाही उताराची निवडली. झुलू माणसाचं उमूझी, म्हणजे घरांचं वर्तुळाकार आवार, उतारावरच असतं, फाटक खालच्या अंगाला. पाणी आपोआप निघून जातं. शेणाच्या जमिनीवर गुडघे फुटणार म्हणून धनुर्वाताची लस प्रत्येक मुलाला मिळालीय ना, हे आम्ही त्यांच्या आरोग्यपुस्तिका उघडून पाहिलं. तूही पाहा.

आणि आता ज्यासाठी हे पत्र मनात घोळत होतं ते. इकुग्वानेचं दार गुडघाभर उंचीचं. माणूस कितीही मोठा असो, रांगतच आत जातो. मुलांना हे काय आवडावं! आत गेल्यावर उजवी बाजू पुरुषांची, डावी बायकांची, मध्ये कडा उचललेली चूल, तिला इझिको म्हणतात, आणि दारासमोर, सगळ्यांत मागे, उम्सामो. ती पूर्वजांची जागा. त्यांच्यासाठी मांस, बिअरचं मडकं तिथे ठेवतात. तिथे उगाच कुणी जात नाही, पाय पसरत नाही. आपल्या देव्हाऱ्यापुढे नाही का आपण जपून वागत, तसंच.

सांगाडा बांधायला घेतला त्या दिवशी थोरल्या गोगोंनी काठी खाली ठेवली आणि विचारलं, ‘उम्सामो कुठे येणार?’ मी म्हटलं, हे खेळायचं घर आहे, उम्सामो नको. त्या म्हणाल्या, तू ठेवलंस किंवा नाही ठेवलंस, दारासमोरची जागा उम्सामोचीच असते, आणि पोरं तिथे उड्या मारणार. काम थांबलं. दोन दिवस थांबलं. मला घाई होती, गवत आणून ठेवलं होतं, पण मी गप्प बसले, कारण त्यांचं म्हणणं खरं होतं. दुसऱ्याच्या घराचा आकार उचलायचा आणि त्या घरात जे सर्वांत जपलेलं आहे त्यावर पोरांना नाचवायचं, हे मला आपल्याकडे चाललं असतं का?

इकडे माझी दुसरीच काळजी चालू होती. गवताच्या घराला एकच दार, तेही गुडघाभर. आग लागली तर पंधरा मुलं त्यातून कशी बाहेर येतील? मागच्या बाजूला दुसरं दार हवं, हे मी आराखड्यात कधीच मांडलं होतं, पण जुनी रीत मोडेल म्हणून बोलायला कचरत होते. तिसऱ्या दिवशी बोलले. थोरल्या गोगोंनी वर्तुळाला एक फेरी मारली, मागच्या बाजूला उभ्या राहिल्या, आणि त्यांचा चेहराच बदलला. तिथे दार आलं तर उम्सामोला जागाच उरत नाही. मधे चूल नाही, मागे उम्सामो नाही, दोन दारं. म्हणजे हे घर नव्हेच. मग खुशाल खेळू देत. तासाभरात काठ्या पुन्हा रोवायला लागल्या. आगीतून सुटायची वाट आणि पूर्वजांचा मान, दोन्ही एकाच दाराने राखलं. सगळ्या बांधकामात मला याहून मोलाचं काही मिळालेलं नाही.

असंच इसिबायाचं. तो आवाराच्या मधला गुरांचा गोठा, त्याला कुंपण गोल असतं. आम्ही खेळाच्या जागेला गोल कुंपण घातलं तेव्हा एका सूनबाईंनी आत यायला कां-कूं केलं. लग्न होऊन आलेल्या बाईने सासरच्या इसिबायात जायचं नसतं. मग कुंपणाला खालच्या अंगाला एक आणि वरच्या अंगाला एक अशी दोन फाटकं ठेवली आणि त्याला इसिबाया म्हणायचं नाही असं ठरलं. शब्दालाही मोल असतं इथे.

चूल नाही याचा एक तोटा आहे, तो लपवत नाही. जुन्या घरात रोजच्या धुराने गवत आणि काठ्या काळ्या व्हायच्या, किडा-वाळवी लांब राहायची. आमच्या घराला धूर नाही, त्यामुळे ते तितकं टिकणार नाही. औषध मारावं का, यावर बराच खल झाला. पोरं काठ्या तोंडात घालतात, म्हणून नाही मारलं. त्याऐवजी दर हिवाळ्यात, म्हणजे इथल्या जून-जुलैत, गवत कापणीला आलेलं असतं तेव्हा, खराब झालेलं उतरवून नवं घालायचं. मला तर वाटतं हाच फायदा आहे. दरवर्षी चार पोरी शेजारी उभ्या राहून पाहतील आणि शिकतील.

विजेचं थोडक्यात. उन्हाळ्यात इथे दुपारी आभाळ कोसळतं. गवतापासून अलग असा वीज ओढून घेणारा उंच खांब उभा केलाय, आणि पहिला गडगडाट ऐकू आला की मुलं क्रेशच्या विटांच्या खोलीत. याला अपवाद नाही.

मजुरीबद्दल तुला ठासून सांगायचंय. इथे इलिमा म्हणून प्रथा आहे. एकाच्या शेतावर सगळे शेजारी कामाला जातात, तो त्यांना खाऊपिऊ घालतो. आपली इर्जिकच. मला कुणीतरी सुचवलं, इलिमा बोलाव, फुकटात होईल, ‘लोकसहभाग’ही दिसेल. मी नाही म्हटलं. इर्जिक परतफेडीवर चालते. मी काही उद्या त्यांच्या शेतात कुदळ मारायला जाणार नाही. त्या पाच जणी कारागीर आहेत, गवंड्याला मिळते तेवढी मजुरी त्यांना मिळाली, रोजच्या रोज, हातात. पुरुष बहुतेक डर्बनला आणि रिचर्ड्स बेला कामावर, त्यामुळे सांगाड्याचं काम, जे पूर्वी पुरुषांचं असायचं, तेही दोन म्हातारेबाबा सोडले तर बायकांनीच केलं. तुझ्याकडे कुणी म्हणालं की आदिवासी बायका हौसेने करतील, तर ऐकू नकोस.

पोरांचं सांगायचं राहिलंच. वारुळाची माती उरली होती. आम्ही जेवत होतो तेवढ्यात चारपाच पोरांनी तिचे बैल केले, काट्यांची शिंगं लावली आणि बोगद्याच्या तोंडाशी कळप उभा केला. इथली गुराखी पोरं पिढ्यान् पिढ्या असे मातीचे बैल करत आलीत. मला बेंदराची आठवण आली, कुंभाराकडून आणलेली ती बैलजोडी. आणि ताराबाई मोडकांचीही आली. तुमच्याच भागात, १९४५ ला बोर्डीला आणि मग १९५७ पासून कोसबाडला, त्यांनी आणि अनुताई वाघांनी विकतची माँटेसरी साधनं बाजूला ठेवून बिया, शिंपले, काटक्या हातात घेतल्या. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. तुला हे मी काय सांगणार, तू त्याच मातीत काम करतेस. पण मोडक्या घसरगुंडीजागी नवी घसरगुंडी, एवढाच विचार तुझ्या पत्रात दिसला म्हणून लिहिलं.

इकुग्वाने तिकडे बांधू नकोस हं. ती इथली आहे. तुझ्याकडे कारवी आहे, कुडाच्या भिंती आहेत, शेणमातीचं लिंपण आहे. कुडाची नागमोडी भिंत मुलांच्या कमरेएवढी घातलीस तर चढायला, लपायला, चित्रं काढायला एकदमच होईल. कारवी फुलून वाळल्यावर तोडलेली मिळते का, वनखात्याला विचारावं लागतं का, भातकोंडा लिंपणात किती घालतात, हे सगळं तिथेच विचार.

आणि एक काम लगेच कर. कुड विणणाऱ्या आणि लिंपणाऱ्या बायका तुझ्या आसपासच्या पाड्यांवर किती उरल्यात ते मोजून मला कळव. आकड्यापुढे त्यांची वयंही लिही.

तुझीच,
एशोवेची मैत्रीण